ग्वाग्वा

दुखानला रात्रपाळी संपत आलेली.
क्युबाची योअनिया घड्याळ बघत म्हणाली,
आज ग्वाग्वा उशिरा येणार.
कॉट नंबर सहावरची चिलीची बाई, आठवा महिना,
दोन्ही हात पोटावर घेऊन उठूनच बसली.
तिच्या देशात ग्वाग्वा म्हणजे तान्हं पोर.
योअनियाच्या बेटावर नुसती बस,
इथं आम्हाला क्वार्टरवर नेणारी, एसी बिघडलेली.

हसून झालं. बीपी पुन्हा तपासलं.
बोलता बोलता,
मुलगा म्हणायचं होतं, घरचंच आलं तोंडात:
माझो झील वेंगुर्ल्याक आसा.
लखनौच्या फरहानाला त्यातला एकच शब्द कळला.
विचारते, तळं खोल आहे का गं?

खाली हॉर्न वाजला.
पिशवी उचलत म्हटलं, आहे.
दोन वर्षं झाली बघून.