कुंपण चार फूट सरकवताना

टेकडीवर गाडी जात नाही.
खाली फाटकापाशी ठेवायची, आणि गवत कापायचं यंत्र
दोघांनी दोन बाजूंनी धरून वर न्यायचं,
वाटेत तीनदा टेकवत.
फाटक आता ओहायोच्या एका माणसाचं आहे.
भला आहे. किल्ली करून दिली,
आणि बजावलं, गाई सुटता कामा नयेत.
आपल्याच मेलेल्यांकडे आम्ही
गाई सांभाळत जातो.

एकतीस थडगी, असं वही म्हणते.
वही सासूच्या सासूची, पाठीवर बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात.
पहिली ओळ: हायरम स्टिल्टनर. झाड अंगावर पडून.
त्याच्या डावीकडे एक बायको, उजवीकडे दुसरी,
आणि मधे तो,
अजून काही न ठरलेला.
मग मुलं. ती ओळींत मावली नाहीत,
समासात उतरली. एकाच हिवाळ्यातली चार.
त्यांच्या दगडावर कोकरू आहे.
पावसाने झिजून साबणाच्या वडीसारखं झालंय,
कान नाहीत, डोळे नाहीत,
तरी हात फिरवला की कोकरूच लागतं.

दगड धुवायची रीत मला झेल्फाने शिकवली,
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी:
साधं पाणी, मऊ ब्रश, खालून वर.
ब्लीच नाही, ते दगडाला आतून खातं.
अक्षर लागेना तर खरवडायचं नाही.
संध्याकाळी यायचं. ऊन आडवं झालं
की नाव आपोआप वर येतं.
माणसांचंही तसंच असतं, असं काही ती म्हणाली नाही.
ती म्हणाली, गोचीड फार आहेत,
मोजे पँटवर ओढ.

यंदा मे महिन्यात, फुलांच्या रविवारआधी,
डेल्मर हँगरच्या दोन तारा वाकवून आला.
खाली माणूस असला की त्या एकमेकींवर येतात म्हणे.
माझा विश्वास नाही. तरी मी मागोमाग गेले.
हायरमवर आल्या. दोघी बायकांवर आल्या.
ओढ्यातून आणून रोवलेल्या बिननावाच्या गोट्यांवर आल्या.
मग तो कुंपण ओलांडून
पाणी प्यायला देवदाराखाली गेला, तारा हातातच,
आणि तिथेही त्या मिटल्या,
हळूच,
झोपेत कुणी हाताची घडी घालावी तशा.

घरी येऊन वही शेवटून उघडली.
अंडी, पीठ, डॉक्टरचे दोन डॉलर,
आणि त्यांच्या खाली, पेन्सिलीने:
कामाची मुलगी. ताप. ऑक्टोबर १९१८. देवदाराशी.
ऑली की ऑड्रा, विचारायचं राहिलं.

रोस्कोचा डेटनहून फोन आला.
कॉफीच्या डब्यातले पैसे घराण्याचे आहेत, म्हणाला,
ती आपली कोण?
मी म्हटलं, मी तरी कोण?
ही वही लिहिणारी कोण होती? झेल्फा कोण होती?
शंभर वर्षं इथलं गवत
परक्या घरून आलेल्या बायकांनी कापलंय, रोस्को.
रक्ताचे सगळे डेटनला आहेत.
पलीकडे बराच वेळ टीव्ही ऐकू येत होता.
मग म्हणाला, तारेला किती पडतील?

ओहायोवाल्याला विचारायला गेले, जमीन त्याची.
तो खांब ठोकायची घणी घेऊनच वर आला.
चार फुटांत भागेल? त्याने विचारलं. उंची किती होती तिची?
कुणालाच माहीत नव्हतं.
डेल्मरने पाच फूट धरली,
मी म्हटलं, लहान असेल,
मग उगीच सगळे देवदाराकडे बघत राहिलो.
पाच खांब. दोन जुनेच वापरले.

ओढ्यातला एक गोटा डोक्याशी लावला.
वहीत एकतिसाचे बत्तीस केले,
नावापुरती जागा कोरी सोडली,
दोन नावं मावतील एवढी.
तेवढ्यात आभाळ भरून आलं,
आणि यंत्र खाली न्यायचं होतं.
चढापेक्षा उताराला ते जड लागतं.