हद्दीचा दगड

एकतीस वर्षं मी पेडण्याच्या मोजणी खात्यात साखळी ओढली.
माझ्या नकाशात समुद्र म्हणजे नुसती एक निळी कड,
तिच्या पलीकडे काही लिहायचं नसतं
असा नियम होता.

आज केरीला, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी,
पाणी इतकं मागे गेलंय
की कातळांना संकोच वाटावा.
चंद्रावती तारी पुढे, हातात कोयती आणि पाटली.
मी मागे, वही घेऊन.

हें कितें? शेवाळ.
आनी हें? तेंय शेवाळ.
माझ्या वहीत त्याच्या सात तऱ्हा झाल्या:
विंचरलेल्या केसांसारखं, चुरगळलेल्या कोथिंबिरीसारखं,
ओल्या चामड्यासारखं, आणखी कायकाय.
तिच्या लेखी एकच, ज्यावरून पाय घसरतो ते.
पण शिंपल्यांशी आलो आणि तिची जीभ सुटली,
तिसऱ्यो, खुबे, मुळे, कालवां,
पोटातली रेती कुणाची किती वेळात सुटते,
कुणाला खोबरं लागतं आणि कुणाला नुसतं तिरफळ.
जे शिजतं त्याला नाव असतं.
मी वही मिटली.

कड्यावरून सुटून आलेला जांभा,
गंजाच्या रंगाचा, पोखरलेला,
आणि प्रत्येक भोकाला कूळ लागलेलं.
एकात काळा शंख,
एकात देठांवर डोळे घेऊन उभी कुर्ली,
एकात नुसतं राहून गेलेलं पाणी
आणि त्यात आभाळ,
मुंडकाराला मिळतं तेवढं.
जांभ्याच्या खाली काळा दगड, त्याच्याहून कितीतरी म्हातारा,
त्यातून गारेची पांढरी शीर गेलीय
इतकी सरळ
की मला वाटलं, मीच आखली असेन
कुठल्यातरी दुपारी.

वर रेतीत मर्यादवेल.
पानं शेळीच्या खुरासारखी, फुलं जांभळी.
नावावरून आमच्याच खात्यातली.
पण ही रोज वीतभर पुढे सरकते,
लाटेनं उखडली की मागे येऊन पुन्हा मूळ धरते,
आणि हिच्यावर अजून कुणी
दावा लावलेला नाही.

मग कालवांच्या गर्दीत एक दगड
जरा जास्तच चौकोनी.
खाली बसलो. गुडघे कुरकुरले.
अंगठ्यानं शेवाळ सारलं तर बाण निघाला,
बाणाखाली दोन,
दोनाच्या पुढच्या आकड्यावर कालव बसलेलं.

सत्तावीस.
अठ्ठ्याऐंशी सालचा मार्च, सुरूच्या बनात,
भरतीच्या खुणेपासून साठ पावलं आत.
मी ओळंबा धरून उभा होतो
आणि पुंडलिक गवंडी चुना थापत म्हणाला होता,
आतां हो हालचो ना, सायबा.
हाललेला नाही.
बन गेलं, रेती गेली,
ज्यांच्या भांडणासाठी पुरला तेही गेले,
हा आहे तिथंच आहे, कमरेइतक्या समुद्रात.
एक-चौदाच्या उताऱ्यावर ही जमीन अजून
कोरडी असेल.

त्याच्या अंगावर टोपीएवढे चार जीव चिकटलेले.
चंद्रावती सांगते, हे भरतीत चरायला जातात
आणि पाणी उतरायच्या आत परत येतात,
आपल्याच जागेवर. केसभर इकडेतिकडे नाही.
कवचाची कड दगडाशी घासून घासून
अशी जुळलेली असते
की दुसरीकडे बसायचीच नाही.
एकाला मी नखानं ढकलून पाहिलं.
त्यानं दगड जास्तच घट्ट धरला.
शेजारी एक वाटोळी खाच होती, रिकामी,
आत अजून ओल.
आम्ही दोघंही थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

पाणी वळलं होतं.
तिनं कोयतीचं टोक दोनाच्या पुढे घातलं,
कालव उचकटलं,
तिथल्या तिथं उघडून खारासकट गिळलं,
आणि तोंड पुसत म्हणाली,
हांगाचीं बरीं गोड आसतात.

खाली सात होता की नव्हता,
मी पाहिलं नाही.
लाट घोट्यावरून गेली होती
आणि चपला
मी कुठल्या दगडावर ठेवल्या होत्या
ते आठवेना.