काच, खाच

वाळूजच्या शेडमध्ये इलाहीचाचा विचारतात,
"किती खोल?"
"अर्धा मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी, समोरासमोर."
ते नमुना चिमट्यात धरून उजेडाकडे नेतात:
तीन मिलिमीटर जाडीची कांडी,
माझ्या नखाएवढी, आरशासारखी.
"एवढ्या चांगल्या मालाची खोड काहून काढता, बाई?"
तार चालू होते. पाण्यात निळी ठिणगी.
माझं उत्तर जुळेपर्यंत
खाच पडलेली असते.

हिला धातूची काच म्हणतात.
झिर्कोनियम, तांबं, निकेल, थोडं ॲल्युमिनियम,
वितळलेलं, तांब्याच्या साच्यात असं अचानक थंड केलं
की अणूंना ओळीत उभं राहायला वेळच मिळाला नाही.
प्रार्थनेची घंटा झाली
आणि पोरं पटांगणात जिथल्या तिथं गोठली,
कुणाचा हात वर, कुणाचं तोंड मागं.
म्हणून ही पोलादाला भारी.
आणि म्हणूनच हट्टी:
सोसते, सोसते,
मग एका तिरप्या रेषेत सगळीच्या सगळी जाते.

भोकरदनला आई बांगड्या भरते.
फोनवर म्हणाली, "काच कशी गं वाकंल?
आपल्यात हात वाकवावा लागतो.
अंगठा तळव्यात घालायचा, हाडं गोळा करायची,
बाईला बोलण्यात गुतवायचं,
आन् हळूच."
प्रत्येक बांगडी ती आधी दुसरीवर वाजवते.
बद्द वाजली की बाजूला.
टवका उडालेली काच ती कुणाच्या हातात घालत नाही.
हे मी विद्यापीठात कुणाला सांगितलेलं नाही.

नमुना एक, बिनखाचेचा.
यंत्राचे जबडे मिटत आले,
आलेख देवगिरीच्या तासलेल्या कड्यासारखा चढला,
आणि फट्.
तुकडा जाळीवर आपटून कुठं गेला, अजून सापडलेला नाही.

नमुना चार, दोन खाचांचा.
ताण आधी खाचांच्या तळाशी जमला.
तिथूनच पहिली घसरण सुटली, मग दुसरी,
समोरून तिसरी,
मध्ये गाठ पडली आणि एकीनं दुसरीची वाट अडवली,
जालना रोडला संध्याकाळी सेव्हन हिल्सपाशी होतं तसं:
सगळेच अडकलेले, म्हणून कुणी सुसाट नाही.
आलेख वर जाऊन आडवा झाला.
कांडी बुटकी झाली, पोट सुटलं,
तुटली नाही.
ताकदही किंचित वाढलेली निघाली.
धोंडगे सर चष्मा काढून म्हणाले, "पुन्हा करा."

पुन्हा केलं.
नमुना सात, खाच एकाच बाजूला:
पहिल्याच्याही आधी गेला.
नमुना नऊ कापताना वीज गेली, खाच वाकडी बसली,
त्याचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही.
तेव्हा जखम बरी असते, असं काही मला म्हणता येणार नाही.
किती, कुठं, कशासमोर,
तक्त्याला एवढेच रकाने आहेत.

लवणं निराळं. ओझं काढलं की लवलेलं परत येतं.
चार नंबर परत आलेला नाही.
तो कायमचा बुटका झालाय, आणि शाबूत आहे.
प्रबंधात यासाठी आकार्यता लिहिलं,
खोडलं, रात्री पुन्हा तेच लिहिलं.
काच शब्द तरी कुठं एका जागी थांबतो?
पोहऱ्याच्या दोरानं तळहाताला पडतो, तोही काचच.

रविवारी चार नंबर काडीपेटीत घालून भोकरदनला नेला.
आईनं दोन बोटांत धरला,
खाचेत नख फिरवून पाहिलं,
मग दुकानातल्या पत्र्याच्या पेटीवर टिचकन वाजवला.
कानाशी नेऊन पुन्हा.
"बद्द न्हाई," म्हणाली.
"तुमच्या सरांनी वाजवून पाह्यली का?"

ओट्यावर एक बाई हाताला साबण लावून केव्हाची बसली होती.
आईनं कांडी माझ्या हातात दिली, तिचा हात आपल्या हातात घेतला,
माहेर कुठलं, विचारलं,
आणि अंगठा तळव्यात दुमडला.