पुढे काय लावू?

दांडेकर पुलापाशी झेरॉक्सच्या दुकानावर
साडेसातची बॅच. ट्यूबलाइट उशिरा पेटते.
अनसूया लोंढे शेवटच्या बाकावर.
प्रभात रोडला, सोवनींकडे रात्रपाळीला जायच्या आधी
तासभर इंग्रजी.

मी फळ्यावर लिहितो: मॅरी. पुढे विथ नाही.
"शी नको? मग लग्न कुणाशी?"
शी नाहीच, म्हणतो मी. क्रियापद थेट माणसावर.
ती वहीतलं विथ खोडते. "बरंय.
आमच्यातही सोबत अशी नव्हतीच."
पुढची पोरं हसतात. ती नाही.

डिस्कसपुढे अबाउट नको, वेटपुढे मात्र फॉर हवाच.
का ते विचारू नका, पाठ करा.
आपल्याकडे वाट त्याची असते, तिची असते,
बघणारा कुठल्या का स्टॉपवर उभा असेना.

लुक ॲट, पाहणं. लुक फॉर, शोधणं.
लुक आफ्टर.
"आफ्टर म्हणजे नंतर ना, सर?
नंतर बघणं म्हणजे सांभाळणं कसं काय?"
मला माहीत नाही. मी घड्याळ बघतो.

सोमवारी तिनं मोबाइल पुढे केला.
टोरांटोच्या मुलाला पाठवायचंय, तपासा.
युवर फादर वेंट.
"गेले, एवढंच लिहिलंय. पुढे काय लावू?
टू का फ्रॉम?"

खालून स्वारगेटची बस गेली, खिडकी थरथरली.
पास्ड अवे, म्हणालो मी.
तिनं बदललं. मग त्याखाली, न विचारता:
आय लुक्ड आफ्टर हिम.

बरोबर होतं.
तरी मी फोन जरा वेळ हातातच ठेवला,
तपासत असल्यासारखा.