दर दहा मिनिटांनी

ओहोटी लागली तशा होड्या कुशीवर कलंडल्या.
रोस्कॉफच्या धक्क्यावरून गुलवेन बादली आणून ठेवून गेला:
जांभळी समुद्री साळिंदरं, सात,
अजून काटे हलवणारी.

एका मादीची अंडी काचेत. नराचा थेंब त्यांवर.
सोआझिग घड्याळ लावते.
आता दर दहा मिनिटांनी
थेंबभर अंडी उचलायची, बर्फात थिजवायची,
नळीवर आकडा लिहायचा.
एकतीस वर्षं हेच. हात आपोआप जातो.

नव्या मुलीला, टिफेनला, ती सांगते:
केंद्रकातली पोथी सध्या कुणी फारशी उघडत नाही.
इतक्या घाईत नकलून घ्यायला सवड कुठाय?
आईने लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या आहेत आत,
घड्या घातलेल्या, मुक्या.
शुक्राणू टेकला की एकदम वाचन सुरू.

"म्हणजे आईला माहीत होतं?"
"आईला काही माहीत नसतं. भरून ठेवलं, इतकंच.
माझी आई डब्यात सुतळीचे तुकडे भरून ठेवायची."

एका चिठ्ठीवरून एक प्रथिन बनतं. साठतं.
चाळीस मिनिटं, पन्नास,
फिल्मवरची पट्टी गडद होत जाते.
पुरेसं साठलं की हुकूम सुटतो:
गुणसूत्रं आवळा, धागे ताणा.
आणि हुकूम तडीला जाता जाता
पेशी त्या हुकूम देणाऱ्यालाच धरते,
तुकडे तुकडे करते.
चिठ्ठी मात्र शाबूत.
पुन्हा वाचायची. पुन्हा पहिल्यापासून.

टिफेनला हे पटत नाही.
इतकं जमवलेलं मोडायचं कशाला?

सोआझिग खणातून एक जुनी फिल्म काढून दिव्यासमोर धरते.
त्या खेपेला औषध घालून मोडणं थांबवलं होतं.
पट्टी काळी, काळी, पुढेही काळीच.
अंडी मधेच अडकलेली,
गुणसूत्रं रांगेत उभी, कुणी हलेना.
"काम संपलं होतं. तरी मी फेकली नाहीत.
दुपारपर्यंत उगीच बघत बसले."

एकशेदहावं मिनिट.
भिंगाखाली गोलाला कमरेशी चुणी पडते,
खोल जाते,
आणि टिफेन आकडा लिहायची विसरते.

सोआझिग काही बोलत नाही. पेन पुढे सरकवते.

बाहेर होड्या अजून कलंडलेल्याच.