शून्य धरलेलं लोखंड

मंगळवारी साडेसहाला गेथिनची शिकवणी.
पोर्ट टॅलबॉटच्या या गल्लीत पूर्वी
तावदानावर बोट फिरवलं की तांबूस पूड यायची.
आता नुसतं मीठ येतं, समुद्राचं.

टेबलावर वही, चहाचे मग, एक रिकामी खुर्ची.
त्याचे वडील दारातच उभे, खांदा चौकटीला लावून.
भट्टी विझल्यापासून घरात कुठे बसायचं
ते त्यांचं अजून ठरत नाहीये.

मी सांगते, मधला रस्ता विसर.
कुठून निघालास, कुठे पोचलास, एवढंच मांड.
लोहखनिज : उणे आठशे चोवीस.
कार्बन मोनॉक्साइड, तीनदा : उणे तीनशे तेहतीस.
पलीकडे कार्बन डायऑक्साइड, तोही तीनदा : उणे अकराशे ब्याऐंशी.
आणि लोखंड शून्य.

"शून्य?" दारातून.
तशी रीत आहे, मी म्हणते, मूलद्रव्याला शून्य धरतात,
कुठून तरी मोजायला लागायचं म्हणून.
"एकतीस वर्षं," ते म्हणतात.
पुढे काही नाही.

गेथिन जिभेचं टोक दातांत धरून वजाबाकी करतो.
उण्यातून उणं काढताना चिन्ह चुकतं,
खोडतो, कागद जरा फाटतो,
मग उत्तर : उणे पंचवीस.
"किलोजूल? एवढेच?"

एवढेच. सुपारीएवढ्या लोखंडामागे
मगभर पाणी कोमट होईल, इतके.
दोनदा तपासते मी. बरोबर आहे.
"मग रात्री आभाळ नारिंगी व्हायचं ते कशानं?"

मी तोंड उघडते, तेवढ्यात
खुर्ची ओढल्याचा आवाज.
"कोकनं," वडील बसत म्हणतात.
"कोक जळायचा. लोखंड नुसतं खाली उतरायचं.
ती थंड पडू द्यायची नाही, हीच सगळी नोकरी.
एकदा आत गोठली की सुरुंग लावून फोडावी लागते."

पेन्सिल घेतात, समासात भट्टी काढतात,
पोट फुगलेली, गळ्याशी निमुळती.
इथे दोनशे अंश. इथे हजार.
इथे, वारा आत शिरतो तिथे, दोन हजारांच्या वर,
निळ्या काचेतून बघायचं, नुसत्या डोळ्यांनी नाही.
"हे तुमच्या गणितात कुठे येतं?"

मधल्या रस्त्यात, मी म्हणते.
जो मी आत्ताच विसरायला सांगितला.

गेथिन अंश उतरवून घेतोय.
परीक्षेत यातलं काहीच विचारत नाहीत.
पुढचं गणित चुनखडीचं होतं;
मी पान उलटत नाही.