धवले_शेवटची_खरी

मंगळवारी रात्री पावणेअकराला त्यानं विचारलं,
आत्ता करू की नंतर?
गेली दोन वर्षं मी नंतरच म्हणत होतो.
त्या दिवशी फुलीवर बाण न्यायला गेलो
तर फुलीच नव्हती.

मग निळा पडदा. गोल गोल फिरणारे ठिपके.
तेवीस टक्के. कृपया संगणक बंद करू नका.
घणसोलीची वीज काय माझ्या हातात आहे?
देवाला नाही, महावितरणला हात जोडले
आणि तेवीस टक्क्यांसमोर बसून
डाळभात जेवलो.

सकाळी सगळं नवंकोरं.
बटणांचे कोपरे घासून गोल केलेले,
घरात रांगतं मूल असावं तसे.
प्रिंटर ओळख दाखवीना.
स्कॅनर बहुतेक गेलाच.
तेही सोसलं असतं,
पण धवल्यांची फाईल उघडली
आणि पडद्यावर टोपी घातलेले ए, शेपटीचे सी,
मध्येच पौंडाची खूण, पुन्हा पौंडाची खूण,
जशी भलत्याच गावची वरात
आमच्या मांडवात घुसावी.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात
चांगूबाय याच खोलीत भिंतीला टेकून
एकेक धवला सांगायची.
तालुक्यातली लग्नं लावलेला तो गळा
पंख्याच्या आवाजावरून सहज जायचा.
तिला वाटे, मी बोटं चालवली की यंत्र पाठ करतं.
दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणे,
त्याला इचार, कालचा ध्यानान हाय का?
मी फाईल उघडून बघायचो.
हाय, म्हणायचो.

कोपरखैरण्याचा बागवान म्हणाला,
हा फाँट आता कुणी वापरत नाही काका,
कंपनीच उठली.
फॉरमॅट मारू?
मी मशीन काखोटीला मारून परत आलो,
रिक्षात मांडीवर घेऊन,
खड्डा आला की वर उचलून धरत.

ड्रॉवरमध्ये सीडी सापडली,
मार्करनं लिहिलेलं माझंच अक्षर: मराठी, जपून.
नव्या मशीनला सीडीचं तोंडच नाही.
तळमजल्यावरच्या भोईरांकडे जुना लॅपटॉप होता,
त्याचं तोंड होतं पण बॅटरी नव्हती,
त्यांची सून वायर हातानं दाबून उभी राहिली
बारा मिनिटं.

मग उलव्यातून हर्षल आत शिरला.
मामा, माऊसला हात लावू नका.
बाण आपोआप फिरायला लागला
माझ्या घरात, माझ्या फोल्डरांतून,
वीजबिलं, रक्ताचे रिपोर्ट,
धवले_नवीन, धवले_शेवटची, धवले_शेवटची_खरी.
मी हात मांडीवर ठेवून बसलो,
न्हाव्याकडे बसतात तसा.

तासाभरानं अक्षरं परतली.
आधी काने, मग वेलांट्या जागेवर बसल्या.
फक्त ळ आला नाही.
जिथे जिथे ळ, तिथे एक रिकामा चौकोन.
हर्षल म्हणाला, एकशे सव्वीस आहेत,
एका झटक्यात भरतो.

थांब म्हटलं, वाचू दे.

पिवली हलद गो पाट्यावर वाटली,
नवरीचे डोल्यान खारीचा पानी.

एकही चौकोन नाही.
पुढचं पान, त्याच्या पुढचं.
चांगूबाय अख्खी उतरली होती.
जन्मात तिच्या तोंडी ळ आला नव्हता,
जायला तिचं काही नव्हतंच.
भोकं पडली होती ती खाली, बारीक टाईपात,
जिथे तेव्हाच्या मी,
नुकता एम. ए. झालेल्या मी,
प्रत्येक ओळीखाली लिहून ठेवलं होतं,
शुद्ध रूप: पिव□ी. शुद्ध रूप: ह□द.
शुद्ध रूप: डो□्यांत.

बाण बटणावर येऊन थांबलेला.
उलव्यात कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
मामा, भरू का सगळे?

नंतर, म्हटलं.
आधी त्या प्रिंटरचं बघ.